भाकरी सोडलेला माणूस

"आई, दादांचा फोटो अजून लावलेलाच आहे तिथं."

माधुरीनं चपला काढता काढता सांगितलं, तेव्हा विमलबाई मेथी निवडत बसली होती. माधुरी डी.एड.ला होती आणि रविवारी सकाळी सावेडीला इंग्रजीच्या क्लासला जायची.

"कुठं?"

"श्रीमंत सरांच्या बंगल्यात. व्हरांड्यातल्या बोर्डावर. रस्त्यावरून दिसतो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. खाली लिहिलंय, चौदा किलो वजन कमी, साखर नॉर्मल."

विमलबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. तिच्या नवऱ्याला, भीमराजला, जाऊन दीड महिना झाला होता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर चढवता चढवता तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तिथून उठलाच नाही.

"नंतरचा म्हंजी कोंचा नंतरचा?" ती म्हणाली. "नंतरचं मी बघितलंय. सिविलच्या फरशीवर."

विमलबाईनं हात धुतले, पदर नीट केला.

"कुठं निघालीस? मी येते."

"तू नको. भाजी टाक तेवढी."

सिद्धार्थनगरच्या कोपऱ्यावर तिला रिक्षा मिळाली. वाऱ्यानं डोळ्यांत धूळ जात होती, पण तिनं डोळे पुसले नाहीत. दीड महिना ती रडली होती, लोकांना चहा दिला होता, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कामावर पुन्हा उभी राहिली होती. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे तिला कळलं नव्हतं. आता कळलं होतं.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीआधी भीमराजला साखर निघाली. अंगानं तो जाडजूड होता, गुडघे दुखायचे, दोन जिने चढला की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, साखर बंद, भात बंद, तेल कमी, भाकरी मोजून. विमलबाई गवार उकडून द्यायची, दुधी उकडून द्यायची. आठ दिवसांत तो वैतागला. "ह्याच्यापरीस उपाशी मेलेलं बरं," म्हणायचा. त्यातच डेपोतला एक कंट्रोलर त्याला सावेडीला घेऊन गेला.

श्रीमंत सर कॉलेजातून निवृत्त झालेले. अमेरिकेतल्या मुलाकडे राहून आले, तिथं काही पुस्तकं वाचली, स्वतःचं पोट घालवलं, आणि मग रविवारी सकाळी बंगल्यावर वर्ग सुरू केला. फुकट. पैशाचा लोभ त्या माणसाला नव्हता, हे विमलबाई आजही कबूल करायची. सर सांगायचे की तूप, लोणी, साय, अंडी, मटण, पनीर, खोबरं, पालेभाजी पोटभर खा. भाकरी, पोळी, भात, बटाटा, गूळ, साखर, यांना हात लावू नका. माणसाला रोगी केलंय ते धान्यानं. तुपाला उगाच बदनाम केलंय.

पहिल्या दिवशी भीमराज परत आला तो उजळलेल्या तोंडानं.

"विमल, सरांनी सोताच्या हातानं वाढलं मला," तो म्हणाला. "शेजारी बसवलं. त्यांच्या बायकोनं लोण्यातली अंडी आनली. मला भीमराजजी म्हनत्यात."

विमलबाईला ते वाक्य लागलं. भीमराजची आई गावात पाटलाच्या दाराशी उभी राहायची आणि वरून टाकलेली भाकरी पदरात झेलायची. त्या भाकरीवर तो वाढला होता. छप्पन सालानंतर घरातले देव गेले, नावं बदलली, तो शिकला, एसटीत लागला. पण कुणाच्या ओसरीवर पाय ठेवताना आजही तो क्षणभर थांबायचा. आणि इथं एक प्रोफेसर त्याच्या ताटात लोणी वाढत होता.

"तूप खा, मटन खा, समदं खरं," ती म्हणाली होती. "पर भाकर सोडायची? आपल्या घरात?"

"ज्या भाकरीपायी माझी आई लोकांच्या दारात उभी ऱ्हायली, ती सोडली तर काय बिघडलं?"

"भाकरीनं न्हाई हिनवलं तुमाला. मान्सांनी हिनवलं."

यावर तो हसला होता. पण ऐकलं नाही.

विमलबाई मुलींच्या हॉस्टेलमध्ये भाकऱ्या बडवायला होती. दिवसभर परातीत पीठ, चुलाणावर तवा, सत्तरऐंशी पोरींच्या भाकऱ्या. दमून घरी यायची आणि नवऱ्यासाठी चार अंडी लोण्यात फोडायची. चहात साय घालायची, साखर नाही. मटणातली चरबी पूर्वी ती बाजूला काढायची, आता तीच त्याच्या वाटीत. माधुरी आणि ती ज्वारीची भाकरी खात बसायच्या आणि तो समोर बसून पनीरचे तुकडे चघळायचा. एका घरात दोन चुली झाल्यासारखं तिला वाटायचं.

तरी खोटं कशाला बोलायचं, गुण आला. पँट ढिली झाली. गुडघे दुखायचे थांबले. साखर उतरली, इतकी की आधीच्या डॉक्टरनं साखरेची गोळी अर्ध्यावर आणली. डेपोत लोक थांबवून विचारायचे. भीमराज ताठ चालायला लागला. त्याच दिवसांत सरांनी त्याचा फोटो काढला आणि आधीच्या फोटोशेजारी बोर्डावर लावला. विमलबाईचा विरोधही तिथं गळून पडला. माणूस बरा होतोय, मग आपण कोण बोलणार?

मार्चमध्ये डेपोत तपासणी झाली. रक्ताचा रिपोर्ट आला आणि भीमराजला हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं. विमलबाई सोबत गेली होती. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, बाहेर बाकांवर माणसं दाटली होती.

"साखर छान आहे, वजन छान आहे," तो कागद बघत म्हणाला. "पण कोलेस्टेरॉल बघा. खराब कोलेस्टेरॉल दुपटीच्या वर गेलंय. काय खाता?"

भीमराजनं अभिमानानं सांगितलं. डॉक्टरनं मान वर केली.

"वडील आहेत?"

"न्हाईत. छातीत कळ आली आन गेले. पंचेचाळीसचे आसतील."

"मग तुम्हाला तर हे चालणारच नाही. सगळ्यांचं असं वाढत नाही. काहींना हे खाणं पचतं, काहींचं रक्त असं बिघडतं. तुमचं बिघडलंय. तूप, चरबी कमी करा, डाळ-भाकरी थोडी सुरू करा, आणि ही गोळी रोज."

इथवर सगळं ठीक होतं. भीमराज ऐकत होता. मग तो म्हणाला, "पर आमचे सर म्हनत्यात..."

"कोण सर?"

भीमराजनं नाव सांगितलं. डॉक्टरनं पेन टेबलावर टाकलं.

"तुम्हा लोकांना कुणीही काहीही सांगावं आणि तुम्ही मागं मागं जावं. अक्कल नाही का? जा, गोळ्या घ्या आणि महिन्यानं या."

रस्त्यावर आल्यावर भीमराज भराभर पुढं चालत राहिला. मेडिकलचं दुकान आलं. विमलबाई थांबली, तो थांबला नाही.

"तुम्हा लोकांना म्हनला," तो म्हणाला. "आयकलंस ना? तुम्हा लोकांना."

"म्हनू द्या. गोळी घ्या."

"त्याच्या हातची गोळी न्हाई घेनार मी."

दुसऱ्या डॉक्टरकडे चला, असं ती म्हणाली. त्या आठवड्यात म्हणाली, पुढच्या आठवड्यात म्हणाली. भीमराज रिपोर्ट घेऊन सावेडीला गेला. सरांनी तो एका नजरेत वाचला आणि परत दिला. कोलेस्टेरॉल हा औषधकंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, असं ते म्हणाले. माझं स्वतःचं वाढलेलं आहे, मला काय झालंय? हे त्यांनी प्रेमानं सांगितलं, खांद्यावर हात ठेवून.

मे महिन्यात भीमराजच्या छातीत जळजळायला लागलं. डेपोच्या जिन्यावर, पाण्याची कळशी उचलताना. थांबलं की जायचं. विमलबाईनं सिविलला चला म्हणून हट्ट धरला. तो शनिवारी दुपारी सरांकडे जाऊन आला.

"पित्त हाय," म्हणाला. "सर म्हनले, दवाखान्यात गेलात तर गोळ्यांच्या चक्रात आडकाल."

सोमवारी सकाळी तो वर्कशॉपमध्ये गेला.

रिक्षा बंगल्यापाशी थांबली. व्हरांड्यात चपलांची गर्दी होती. आत हॉलमध्ये सतरंजीवर पंचवीसएक माणसं बसली होती आणि खुर्चीवर श्रीमंत सर बोलत होते. पांढरा सदरा, ताठ पाठ. बोर्ड दाराशेजारीच होता. तीन-चार माणसांचे फोटो होते, मधे भीमराज. एका फोटोत खाकी गणवेशात गुंड्या ताणलेला, उन्हानं डोळे बारीक केलेला. दुसऱ्यात गाल बसलेला, मान उंच.

विमलबाई बोर्डाकडे बघत उभी राहिली. मग चपला न काढता आत गेली.

सरांनी तिला ओळखलं. ते बोलायचे थांबले.

"या विमलताई. बसा ना." त्यांनी लोकांकडे वळून सांगितलं, "या आपल्या भीमराजजींच्या मिसेस."

"फोटो काडा," विमलबाई म्हणाली.

"ताई, तुम्ही आधी बसा. पाणी आणायला सांगतो."

"पानी नको. माझा मानूस मेलाय आन तुमच्या दारात तो बरा झाला म्हनून टांगलाय. तो काडा."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. माझा जवळचा माणूस गेला. पण भीमराजजींची साखर उतरली, वजन उतरलं, हे खोटं आहे का? लोकांना त्यातून उमेद मिळते. म्हणून ठेवलाय."

"साखर उतरली. ते खरं हाय. मंग ते मेले ते खाली का न्हाई लिव्हलं?"

"हे पाहा, हृदयविकाराची पन्नास कारणं असतात. त्यांच्या वडिलांना होता. हे मला नंतर कळलं."

"डाक्टरला पैल्या दिशी कळलं. त्यानं इचारलं म्हनून. तुमी इचारलं हुतं का?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. समोर बसलेली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि बहुधा त्यामुळेच ते पुढचं वाक्य बोलून गेले.

"आणखी एक गोष्ट असते. हा आहार अर्धवट पाळला तर घातक ठरतो. तूप पण खायचं आणि भाकरी पण, असं चालत नाही. मी कुणाला दोष देत नाही, पण माणसाचा मोह असतो. घरी कधी चोरून..."

"चोरून?"

विमलबाईचा आवाज वाढला नाही. उलट खाली आला.

"सर, भीमजयंतीला आमच्या वस्तीत पंगत बसली. समदा समाज भाकरी-कालवन खात हुता. नातेवाईक हसत हुते, म्हनत हुते की भीमराज साहेब झाला, भाकर नको म्हनतो. त्यांनी मान खाली घातली आन नुस्तं मटन खाल्लं. तुकडा मोडला न्हाई. पोरीनं घास करून तोंडाशी नेला, तरी न्हाई. का? तर सरांना शबूद दिलाय. मी सत्तर पोरींच्या भाकरी थापून यायची, माझ्या अंगाला भाकरीचा वास यायचा, त्यो बी त्यांनी सोसला. लई इमानी मानूस हुता त्यो. चोरी करनारा आसता तर आज जित्ता आसता. मेल्यावर त्याला चोर म्हनू नका."

कुणीतरी खाकरलं. सरांची बायको आतल्या दारात येऊन उभी होती, ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, देऊन टाका तो फोटो." सर जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता, पण खुर्ची सोडायचं काही त्यांना सुचलं नाही.

"छातीत जळतंय म्हनून ते तुमच्याकडं आल्ते," विमलबाई म्हणाली. "शनवारी. तुमी म्हनला पित्त. तुमी त्यांना जीव लावला, ह्ये मी न्हाई म्हनत न्हाई. आमच्या जातीच्या मान्साला शेजारी बसवून कोन वाढतंय? म्हनून तर त्यांनी तुमचं आयकलं. त्या डाक्टरपरीस जास्ती आयकलं. तुमी निस्तं एकदा म्हनायला पायजे हुतं, मला ह्यातलं कळत न्हाई, भीमराज, दवाखान्यात जा. एवढंच."

ती वळली. व्हरांड्यात येऊन तिनं दोन्ही फोटोंच्या टाचण्या नखानं उपसल्या. एक टाचणी बोटात गेली. तिनं फोटो पदराखाली धरले आणि फाटकाबाहेर आली. जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आणि तरी राग तसाच होता; उलट आता त्याला जायला जागाच उरली नव्हती.

"ताई, थांबा जरा."

मागून एक बाई आली. चाळिशीच्या आतली, चांगल्या साडीतली, गोरी, घामेजलेली. वर्गात दाराशी बसलेली विमलबाईनं पाहिली होती. चार पावलं झपाझप आल्यानंच ती फाटकाला धरून उभी राहिली.

"मी स्नेहल. इथंच पुढच्या गल्लीत राहते. मला... तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्या मिस्टरांना नक्की कसं होत होतं?"

"छातीत जळायचं. चढताना. थांबलं की जायाचं."

स्नेहलनं ओठ घट्ट मिटले. मग हळू म्हणाली, "मलाही साखर होती. सरांमुळं उतरली. पण आठवडा झाला, जिना चढले की इथं दाबल्यासारखं होतं. हात पण भरून येतो. सर म्हणाले पित्त आहे."

विमलबाई तिच्याकडे बघत राहिली.

"रक्त तपासलं का?"

"कोलेस्टेरॉल जास्त आलंय. पण ते चांगलं पण असतं म्हणतात ना? मी काय खाऊ, ते तरी सांगा. पुन्हा पोळी सुरू करू का?"

"मला न्हाई म्हाईत काय खावं," विमलबाई म्हणाली. "खरंच न्हाई म्हाईत. त्यांनी खाल्लं ते सरांच्या सांगन्यावरून, मी रांधलं ते त्यांच्या सांगन्यावरून. मला एकच म्हाईत हाय. पित्त म्हनून घरी बसायचं न्हाई. घरी कोन हाय?"

"मिस्टर सोलापूरला असतात. मुलगी शाळेच्या सहलीला गेलीय."

"मंग चला."

"आत्ता?"

"आत्ता."

रिक्षात बसल्यावर विमलबाईनं पत्ता सांगितला तो त्याच तरुण डॉक्टरचा. हृदयाचा दुसरा डॉक्टर तिला माहीत नव्हता. रविवारी दुपारपर्यंत तो असतो, हे बाहेरच्या पाटीवर तिनं तेव्हा वाचलं होतं.

डॉक्टरनं स्नेहलला लगेच आत घेतलं, ईसीजीची पट्टी काढली, ती लांबच लांब हातात धरून पाहिली. "बरं झालं आलात. आज इथंच ठेवावं लागेल," तो म्हणाला. "सोबत कोण?"

"मी हाय," विमलबाई म्हणाली.

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "तुम्ही आधी आला होता का? तुमचे मिस्टर... एसटीमध्ये?"

"व्हय. ते वारले."

"गोळी चालू नव्हती का?"

"न्हाई."

"का? मी लिहून दिली होती."

विमलबाईला वाटलं, सगळंच सांगावं. पण आत टेबलावर ती बाई पडून होती, आणि हा माणूस आता तिच्या कामाचा होता.

"तुमी लिव्हली बराबर," ती म्हणाली. "पर बोलला वंगाळ. मान्सं गोळीच्या आधी बोलनं गिळत्यात, डाक्टर. हिला जरा नीट समजावून सांगा. लई भ्यालीय ती."

डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं, स्टूल ओढलं आणि स्नेहलच्या उशाशी जाऊन बसला. तो हळू आवाजात सांगत होता, आणि ती मान हलवत होती.

थोड्या वेळानं नर्स आली. दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं, अंगावरचे दागिने काढायला सांगितले होते. पडल्या पडल्या स्नेहलनं बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं, कानातले काढले. नर्सनं विचारलं, कुणाकडं देऊ?

"त्यांच्याकडं द्या," स्नेहल म्हणाली. "दारात बसल्यात, त्या ताईंकडं."

विमलबाईनं दोन्ही हात पुढं केले. सोनं कोमट होतं, अंगावरून नुकतंच उतरलेलं. तिनं ते पदराच्या टोकाला बांधलं, गाठ दोनदा आवळली, आणि गाठीवर मूठ ठेवून बंद दारासमोरच्या बाकावर बसली.